महापालिका निवडणूक आणि महापौरपद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, दुसऱ्या दिवशी निकाल लागले. त्याआधी महिनाभर प्रश्न येत होते आणि नंतरही थांबले नाहीत. फक्त "मत कुठे द्यायचं" याची जागा "महापौर कोणी ठरवला" याने घेतली. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः मुंबईची आहेत, कारण मुंबईचा कायदा वेगळा (१८८८ चा) आणि बाकी २८ महापालिकांचा वेगळा (१९४९ चा). जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. मी मत दिलं, पण यंत्रावर महापौराचं नाव कुठेच नव्हतं. मग महापौर निवडला कोणी?

नगरसेवकांनी. मतदार आपल्या प्रभागाचा नगरसेवक निवडतो आणि निवडून आलेले नगरसेवक सभागृहात आपल्यातल्याच एकाला महापौर करतात. आमदार आपण निवडतो आणि मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर ठरतो, तसंच. त्यामुळे "अमुक यांना महापौर करा" असे फलक प्रभागाप्रभागात लागले तरी यंत्रावरचं बटण नगरसेवकाचंच असतं. महापौर अडीच वर्षांसाठी असतो. नगरसेवकांची मुदत पाच वर्षं, म्हणजे एका सभागृहात किमान दोनदा ही निवडणूक होते.

२. आमच्या गावात नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडला. शहरात महापौर थेट का नाही?

राज्याच्या कायद्यात महापालिकेसाठी ती तरतूद नाही म्हणून. डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांत नगराध्यक्षाचं वेगळं मत होतं, महापालिकांत नव्हतं. नगराध्यक्षाच्या बाबतीतही आपल्याकडे सरकार बदललं की पद्धत बदलते. २०१६ ला थेट निवड आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये परत आली. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये महापौर थेट निवडला जातो, म्हणजे घटनेची आडकाठी नाही.

थेट निवड व्हावी असं अनेक वाचक कळवतात. आमचं मत थोडं सावध आहे. नगरपरिषदांत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं असं झालं की ठराव अडकतात. शिवाय आज महापौराच्या हातात अधिकारच इतके कमी आहेत (प्रश्न २१ पाहा) की लोकांनी थेट निवडून दिला तरी तो करणार काय, हा प्रश्न आधीचा आहे.

३. मुंबईत एक मत आणि पुण्यात चार, असं का?

मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक: २२७ प्रभाग, २२७ नगरसेवक. बाकी शहरांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, बहुतेक ठिकाणी चार जणांचे. पुण्यात ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले जातात. ४० प्रभाग चार जणांचे आणि एक पाच जणांचा. नागपुरात ३८ प्रभागांतून १५१, ठाण्यात ३३ प्रभागांतून १३१.

बहुसदस्यीय पद्धतीचं समर्थन करणारे म्हणतात की मोठ्या प्रभागात विकासाचा विचार मोठा होतो. प्रत्यक्षात मोठ्या पक्षांचं पॅनेल चालतं आणि एकट्या लढणाऱ्या अपक्षाला सत्तर-ऐंशी हजारांच्या वस्तीत फिरणं झेपत नाही. आणि निवडणुकीनंतर गटार तुंबलं की चौघांपैकी फोन कोणाला करायचा, हे कोणालाच ठाऊक नसतं. चौघेही एकमेकांचं नाव सांगतात.

४. चार मतं द्यायची असतील तर यंत्रावर नेमकं काय करायचं?

तुमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची: अ पांढरी, ब फिकी गुलाबी, क फिकी पिवळी, ड फिकी निळी. प्रत्येक जागेसाठी एकच बटण दाबायचं. चारही झाली की लांब बीप वाजते, तेव्हा मत पूर्ण झालं असं समजायचं.

गोंधळ होतो तो इथे: उमेदवार कमी असतील तर दोन जागांची नावं एकाच यंत्रावर खाली-वर येऊ शकतात. म्हणून यंत्रं मोजू नका, रंग पाहा. घरातल्या ज्येष्ठांना हे आदल्या दिवशी कागदावर काढून दाखवा. आत गेल्यावर सांगायला कोणी नसतं. चारही मतं एकाच पक्षाला देणं बंधनकारक नाही. अ ला एका पक्षाचा, ब ला अपक्ष, क ला तिसराच, हे पूर्ण वैध आहे. पक्ष अर्थातच ते सांगत नाहीत.

५. मला चारपैकी एकच उमेदवार पसंत आहे. बाकी तीन सोडून दिले तर चालतील का?

सोडून देऊन बाहेर येऊ नका. बीप वाजली नाही तर मतदान पूर्ण होत नाही आणि केंद्रावरचे अधिकारी तुम्हाला थांबवतात. ज्या जागेवर कोणीच पसंत नाही तिथे त्या जागेचं "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण दाबा. प्रत्येक जागेखाली ते वेगळं असतं.

६. विधानसभेला मतदान केलं होतं. पालिकेच्या यादीत मात्र नाव दुसऱ्याच प्रभागात निघालं. हे कसं?

महापालिकेसाठी वेगळी मतदारनोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांनुसार फोडतो. यंदा १ जुलै २०२५ ची यादी वापरली गेली. त्या तारखेनंतर नाव नोंदवलं असेल किंवा घर बदललं असेल तर ते या यादीत दिसलं नाही. जुन्या पत्त्यावरच मत.

फोडाफोडीत सीमेवरच्या इमारती चुकीच्या प्रभागात जातात. एकाच सोसायटीची ए विंग एका प्रभागात आणि बी विंग शेजारच्या प्रभागात, अशा तक्रारी सगळ्यात जास्त येतात. त्यावर उपाय एकच आणि त्याची वेळ ठरलेली: प्रारूप यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत नोंदवणं. अंतिम यादी लागल्यावर प्रभाग बदलून मिळत नाही, नाव जिथे असेल तिथे जाऊन मत द्यायचं. मतदानाच्या दिवशी सकाळी यादी पाहणाऱ्याला मदत करणं कोणाच्याच हातात नसतं.

७. माझ्या नावापुढे दोन तारे (\*\*) होते. मत देता येणार नाही असं सांगितलं. खरं का?

मत देता येतं. दोन तारे म्हणजे संभाव्य दुबार मतदार: त्याच नावाची नोंद आणखी कुठेतरी आढळली आहे. मुंबईच्या प्रारूप यादीत अशा ११ लाखांहून अधिक नोंदी निघाल्या होत्या. त्यातल्या सगळ्या बोगस नव्हत्या. एकाच नावाच्या दोन खऱ्या बायकाही त्यात होत्या. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मत देणार ते आधी कळवायचं असतं. कळवलं नसेल तर केंद्रावर दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही असं हमीपत्र लिहून घेतात, ओळख नीट तपासतात आणि मग मतदान करू देतात. ओळखपत्र मात्र हवंच, नुसती मतदार चिठ्ठी पुरत नाही.

८. केंद्रावर गेले तर माझ्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं होतं. काय करायचं?

परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मताची मागणी करा. ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते. त्यावर शिक्का मारून ती बंद पाकिटात वेगळी ठेवली जाते. हे मत यंत्राच्या मोजणीत धरलं जात नाही. पण निकाल न्यायालयात गेला तर तुमच्या नावावरचं खोटं मत कोणतं आणि खरं कोणतं याचा तोच पुरावा असतो. अगदी थोड्या मतांनी लागलेल्या निकालात त्याला किंमत येते.

९. बोटावर शाईऐवजी मार्करने रेघ मारली आणि ती सॅनिटायझरने निघाली. म्हणजे पुन्हा मत देता येतं?

नाही. मतदानाच्या दिवशी या तक्रारी खूप गाजल्या, पण शाई ही एकमेव खूण नाही. यादीत तुमच्या नावापुढे नोंद झालेली असते, रजिस्टरमध्ये सही किंवा अंगठा असतो. बोट स्वच्छ करून त्याच केंद्रावर परत गेलात तर मतदान होणार नाही, गुन्हा मात्र होईल. शाई पक्की हवी हा आग्रह तरीही बरोबर आहे, कारण दुबार नाव असलेला माणूस वेगळ्या केंद्रावर गेला तर तिथे त्याला अडवायला बोटच असतं.

१०. लोकसभेला कागदाची चिठ्ठी दिसली होती, इथे का नाही दिसली?

ती व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कोणाला गेलं ते कागदावर दाखवणाऱ्या यंत्राची चिठ्ठी. राज्यातल्या स्थानिक निवडणुकांत व्हीव्हीपॅट वापरत नाहीत. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग. दोन्ही घटनात्मक संस्था, पण वेगळ्या. त्यामुळे तक्रारही योग्य दारात न्यावी लागते.

११. "कोणीही नाही"ला सगळ्यात जास्त मतं पडली तर?

महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांसाठी याचं उत्तर लोकसभेपेक्षा वेगळं आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेवर कोणालाच विजयी घोषित करत नाहीत, पुन्हा निवडणूक घेतात. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला तर मात्र उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो विजयी. म्हणजे नोटाला इथे थोडे दात आहेत, एकदाच चावता येईल इतके.

१२. आमच्या प्रभागात मतदानच झालं नाही, उमेदवार बिनविरोध आला. तिथे नोटा का नाही?

रिंगणात एकच उमेदवार उरला की मतदान न घेता त्याला निवडून आलेला घोषित करतात, असा नियम. एकटा उमेदवार विरुद्ध नोटा अशी लढत घ्यावी ही मागणी जुनी आहे आणि यंदा ती जोरात झाली, कारण माघारीच्या दिवशी अनेक शहरांत एकामागून एक अर्ज मागे गेले आणि सत्ताधारी आघाडीचे उमेदवार बिनविरोध ठरले. दबाव किंवा आमिष होतं का, याचे अहवाल आयोगाने मागवले होते. आमच्या मते प्रश्न ११ मधला आदेश असताना बिनविरोध प्रभागातल्या मतदाराला नोटापासून वंचित ठेवणं विसंगत आहे.

१३. नगरसेवकपदाला उभं राहायला काय लागतं?

वय २१ पूर्ण आणि त्या शहराच्या मतदारयादीत नाव. त्याच प्रभागात राहायला हवं असं नाही. मुलुंडचा मतदार कुलाब्यातून लढू शकतो. घरात शौचालय असून ते वापरत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पालिकेचं कंत्राट नावावर असेल तर अपात्र.

अनामत पाच हजार, महिला आणि राखीव प्रवर्गातल्यांना निम्मी. खर्चमर्यादा मुंबईत १५ लाख रुपये, छोट्या महापालिकांत त्याहून कमी. निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते, आणि हे हरलेल्यांनाही लागू आहे. हरलेले उमेदवार नेमके तिथेच फसतात, आणि पुढच्या निवडणुकीचा अर्ज भरताना त्यांना ते कळतं.

१४. मला तीन मुलं आहेत, त्यातली शेवटची जुळी. मी अपात्र आहे का?

नियम असा: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं असेल तर अपात्र. त्याआधी तीन किंवा चार असतील आणि नंतर भर पडली नसेल तर चालतं. एक मूल असताना दुसऱ्या वेळी जुळी झाली तर ते एकच अपत्य धरतात, म्हणून तुम्ही पात्र. पण आधीच दोन असून तिसऱ्या बाळंतपणात जुळी झाली असतील तर सवलत नाही. मूल दत्तक दिलं, नातेवाइकाच्या नावावर लावलं, या युक्त्या न्यायालयात टिकलेल्या नाहीत.

१५. एबी फॉर्म म्हणजे काय? त्यावरून एवढी पळापळ का होते?

पक्षाचं चिन्ह मिळण्यासाठीचे दोन कागद. ए फॉर्ममध्ये पक्ष सांगतो की आमच्या वतीने उमेदवारी देण्याचा अधिकार कोणाला आहे. बी फॉर्ममध्ये ती अधिकृत व्यक्ती उमेदवाराचं नाव लिहून देते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत दोन्ही निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचले नाहीत तर उमेदवार अपक्ष ठरतो, मग पक्षाध्यक्षाने जाहीर सभेत नाव घेतलेलं असलं तरी. बंडखोरी टाळायला पक्ष हे कागद मुद्दाम शेवटच्या तासाला देतात. यंदा ३० डिसेंबरला ठिकठिकाणच्या कार्यालयांबाहेर जी झटापट दिसली ती त्याचीच.

१६. आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. हे कोण आणि कसं ठरवतं?

मुंबईच्या २२७ पैकी १५ जागा अनुसूचित जाती, २ अनुसूचित जमाती, ६१ इतर मागासवर्ग आणि १४९ सर्वसाधारण. या सगळ्यांत मिळून ११४ महिलांसाठी. एससी-एसटीचे प्रभाग लोकसंख्येच्या प्रमाणानुसार उतरत्या क्रमाने ठरतात, त्यात नशिबाचा भाग नसतो. ओबीसी आणि महिलांच्या जागांसाठी सोडत निघते: जाहीर सभागृहात, पारदर्शक डबा, शाळकरी मुलं चिठ्ठ्या काढतात आणि पहिल्या रांगेत बसलेले माजी नगरसेवक घाम पुसत असतात. एका चिठ्ठीवर वीस वर्षांची बांधणी जाते. मग "ताई" किंवा "वहिनी" पुढे येतात.

सर्वसाधारण प्रभागातून महिला किंवा ओबीसी उमेदवार लढू शकतात का, असं खूप जण विचारतात. लढू शकतात. सर्वसाधारण म्हणजे सर्वांसाठी.

१७. महापौरपदाचं आरक्षण निकालानंतर का काढलं? आधी माहीत नको का?

महापौरपदाची सोडत नगरविकास विभाग मंत्रालयात काढतो. यंदा ती २२ जानेवारी २०२६ ला, म्हणजे निकालानंतर सहा दिवसांनी निघाली. मुंबई आणि पुणे सर्वसाधारण महिलेसाठी, ठाणे अनुसूचित जातीसाठी, कल्याण-डोंबिवली अनुसूचित जमातीसाठी गेलं.

हा नुसता सोपस्कार नाही. मुंबईत अनुसूचित जमातीसाठी राखीव दोन्ही प्रभाग, ५३ आणि १२१, ठाकरेंच्या शिवसेनेने जिंकले होते. चिठ्ठी एसटीची निघाली असती तर बहुमत एकाकडे आणि महापौर दुसऱ्याचा, असा प्रसंग उभा राहिला असता. म्हणूनच त्या सहा दिवसांत कोणाचंही नाव जाहीर झालं नाही. सोडत मतदानाआधी काढली तर मतदारालाही कळेल की महापौरपदाचे खरे दावेदार कोण. तसं करायला नियम बदलावा लागेल आणि ते व्हायला हवं.

राखीव महापौरपदासाठी राखीव प्रभागातूनच निवडून आलेलं असणं गरजेचं नाही. महिला महापौर व्हायचं तर कोणत्याही प्रभागातली नगरसेविका चालते.

१८. महापौर व्हायला मुंबईत ११४ मतं लागतातच का?

२२७ च्या निम्म्याहून जास्त म्हणजे ११४, म्हणून सगळे तो आकडा घोकतात. कायद्याने मात्र हजर राहून मत देणाऱ्यांत ज्याला जास्त मतं तो निवडून येतो. गैरहजर आणि तटस्थ राहणाऱ्यांमुळे गणित बदलतं, म्हणून तर नगरसेवकांना निवडणुकीआधी हॉटेलात नेऊन ठेवतात. मतदान हात उंचावून होतं, गुप्त नसतं. समान मतं पडली तर चिठ्ठी.

दोन उदाहरणं. २०१७ मध्ये शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी जवळपास बरोबरी होती. भाजपने महापौरपदावरचा दावा सोडला आणि विश्वनाथ महाडेश्वर १७१ मतांनी निवडून आले. २०२६ मध्ये भाजप ८९ आणि शिंदे यांची शिवसेना २९, मिळून ११८. ११४ पेक्षा चारच जास्त. एवढ्या फटीत पाच जण फुटून समोर गेले तरी रंग बदलू शकतो, त्यामुळे अशा वेळी लहान पक्षांचा भाव वाढतो.

१९. नगरसेवक निवडून आल्यावर पक्ष बदलू शकतो का? "गट नोंदणी" हा काय प्रकार आहे?

निकालानंतर प्रत्येक पक्षाचे नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे जाऊन आपला गट नोंदवतात. मुंबईचे नगरसेवक त्यासाठी बेलापूरच्या कोकण भवनात जातात. बसमधून सगळ्यांना एकत्र नेण्याची दृश्यं तुम्ही पाहिली असतील. नोंद झाली की गटनेता ठरतो आणि त्याचा व्हिप (कोणाला मत द्यायचं याचा पक्षादेश) लागू होतो. तो मोडला तर १९८६ च्या स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायद्याखाली अपात्रतेची कारवाई होऊ शकते आणि निर्णय विभागीय आयुक्त देतात. अपक्ष आणि लहान पक्ष निकालानंतर महिन्याभरात आघाडी करून तीही नोंदवू शकतात. एकदा आघाडीत गेलेल्या अपक्षाला मग मोकळेपणी फिरता येत नाही, हे बऱ्याच अपक्षांना उशिरा समजतं.

२०. स्वीकृत नगरसेवक कोण? त्यांना आम्ही निवडलंच नव्हतं.

पालिकेच्या कामाचा अनुभव किंवा विशेष ज्ञान असलेल्या लोकांना सभागृहात घेता यावं म्हणून ही सोय. मुंबईत आता अशा १० जागा आहेत, पूर्वी ५ होत्या. पक्षांच्या संख्याबळानुसार त्या वाटल्या जातात. त्यांना बोलता येतं, मत देता येत नाही, म्हणून महापौराच्या निवडीत ते मोजले जात नाहीत. डॉक्टर, अभियंते, वकील यांच्यासाठीच्या या जागांवर बहुधा पडलेले किंवा तिकीट नाकारलेले कार्यकर्ते बसतात. हे उघड गुपित आहे.

२१. महापौराला नेमके अधिकार काय? नाहीत म्हणता, तर मग एवढी ओढाताण कशासाठी?

महापौर सभागृहाची सभा चालवतो, शहराचा प्रथम नागरिक असतो, पाहुण्यांचं स्वागत करतो. मुंबईत १९३१ पर्यंत या पदाला अध्यक्ष म्हणत, त्या वर्षी जे. बी. बोमन बेहराम पहिले महापौर झाले. १९५६ मध्ये सुलोचना मोदी पहिल्या महिला महापौर. मान मोठा आहे, पण अंमलबजावणीचा अधिकार आयुक्तांकडे असतो, आणि आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला सनदी अधिकारी. रस्ता कोणी खोदायचा, अनधिकृत बांधकाम कधी पाडायचं, हे आयुक्त ठरवतात.

पैशांची किल्ली स्थायी समितीकडे. मुंबईत तिचे २७ सदस्य, इतर महापालिकांत १६. ठरावीक रकमेवरचं कोणतंही कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही, अर्थसंकल्पही आयुक्त आधी तिच्यापुढे मांडतात. २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. आता विचार करा, महापौरपदाच्या बातम्या चालू असताना पक्षांची खरी वाटाघाट कोणत्या खुर्चीसाठी होत असते. स्थायी समितीच्या अध्यक्षाचं नाव किती मुंबईकरांना सांगता येईल? तुमच्या नगरसेवकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच ठेवा: तुम्ही कोणत्या समितीवर आहात?

२२. आयुक्त ऐकतच नसतील तर नगरसेवक त्यांना हटवू शकतात का?

मुंबईत एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतांनी ठराव झाला तर सरकारला आयुक्तांना परत बोलवावंच लागतं. कागदावर जबर अधिकार आहे. एका पक्षाला एवढी संख्या गाठणं जवळपास अशक्य, म्हणून विरोधकांना बरोबर घ्यावं लागतं.

२३. २०१७ नंतर थेट २०२६? घटनेत पाच वर्षं लिहिली आहेत ना?

लिहिली आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१ जून १९९३ पासून लागू) मुदत पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही, निवडणूक मुदत संपायच्या आत, असं स्पष्ट केलं. तरीही मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक बसला.

कारणं एकात एक अडकलेली. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची (स्वतंत्र आयोगाचा अभ्यास, त्यावरून ठरलेलं प्रमाण आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत) अट घातली; ती पूर्ण करायला बांठिया आयोग नेमला, त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. दरम्यान महाविकास आघाडी सरकारने मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या, शिंदे सरकारने परत २२७ केल्या, प्रकरण न्यायालयात गेलं आणि "जैसे थे" राहिलं. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला आणि पुढे ३१ जानेवारी २०२६ ची अखेरची मुदत घालून दिली.

या काळात आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासक म्हणून तो स्वतःच मंजूर करायचा, असं सलग तीन वर्षं चाललं.

२४. आमचा नगरसेवक राखीव जागेवर निवडून आला, पण जातवैधता प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. तो राहतो का?

तात्पुरता. अर्ज भरताना पडताळणी समितीकडे केलेल्या अर्जाची पोच दिली तर निवडणूक लढवता येते, पण निकालानंतर सहा महिन्यांत प्रमाणपत्र सादर करावं लागतं. ते केलं नाही किंवा दावा अवैध ठरला तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते. मुंबईत २०१७ च्या सभागृहातले काही नगरसेवक असेच गेले आणि न्यायालयाने दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना त्या जागा दिल्या. म्हणून हरलेला उमेदवार विजेत्याच्या वैधतेवर डोळा ठेवून असतो.

२५. निकालावर हरकत असेल तर कुठे जायचं?

मुंबईत लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे निवडणूक याचिका, तीही निवडून आलेल्यांची नावं राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत. दहा म्हणजे दहा. निवडणूक आयोगाकडे निकालानंतर केलेल्या अर्जाने निकाल फिरत नाही. निवडणूक चालू असताना झालेल्या तक्रारी मात्र आयोगाकडेच.

२६. आमचा वॉर्ड जी-उत्तर आहे, पण मतदार चिठ्ठीवर वेगळाच क्रमांक आहे. कोणता खरा?

दोन्ही. जी-उत्तर हे पालिकेचं विभाग कार्यालय, दादर, माहीम, धारावी भागाचं. चिठ्ठीवरचा क्रमांक निवडणूक प्रभागाचा. एका विभाग कार्यालयाखाली असे अनेक प्रभाग येतात. पाणी आलं नाही, कचरा उचलला नाही तर तक्रार विभाग कार्यालयात किंवा १९१६ वर करायची आणि तक्रार क्रमांक घेऊन मग नगरसेवकाकडे जायचं. क्रमांक हातात असला की बोलणं लवकर आटोपतं.

२७. मुलगा नोकरीसाठी लंडनला आहे. तिथे म्हणे महापौर थेट निवडतात. त्याला मत देता येतं का?

येतं, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. भारत राष्ट्रकुलातला देश असल्यामुळे वैध व्हिसावर लंडनमध्ये राहणारा, १८ वर्षांवरचा भारतीय नागरिक तिथे मतदार म्हणून नोंदणी करू शकतो. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. तिथे २००० पासून महापौर थेट निवडला जातो आणि सोबत २५ जणांची लंडन असेंब्ली. असेंब्लीचे १४ सदस्य मतदारसंघांतून, ११ संपूर्ण शहरातून पक्षांच्या मतांच्या प्रमाणात. कारभार महापौर चालवतो, आयुक्त नाही. असेंब्ली त्याला जाब विचारते आणि दोन तृतीयांश मतांनी त्याचा अर्थसंकल्प बदलू शकते. पुढची निवडणूक मे २०२८ मध्ये आहे. नोंदणी आपल्या बरोच्या (लंडनमधल्या स्थानिक विभागाच्या) कौन्सिलकडे करायची. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो.